तिसरा डबा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणी मला धीराची बाई वगैरे समजायला नको. लहानपणी औरंगाबादच्या आमच्या पुंडलिकनगरच्या घरात आई मिक्सर लावायला लागली की मी स्वयंपाकघराबाहेर जाऊन उभी राहायची. इस्त्रीची वायर जराशी उसवलेली दिसली तरी मी त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. अशा मुलीनं इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा का केला, असं नातेवाईक अजून विचारतात. उत्तर साधं आहे. त्या वर्षी त्याच शाखेत जागा होती आणि वडील म्हणाले, "शाखा कोणतीबी असू दे, शिकायचं सोडायचं नाही." शिकण्याच्या बाबतीत आमच्या घरात वडिलांच्या शब्दापुढं कुणी जात नसे. शिकले, परीक्षा दिली, नोकरी लागली आणि सिल्लोडच्या बाजूला, रस्त्यापासून आत असलेल्या एका सबस्टेशनमध्ये ऑपरेटर म्हणून हजर झाले.

आजही आमच्याकडच्या अर्ध्या पाहुण्यांना वाटतं की मी वीजबिलाच्या खिडकीत बसते. मी ते दुरुस्त करत नाही, कारण खरं सांगायला गेलं तर चहा थंड होतो. तरी इथं थोडक्यात सांगते. लांबून, डोंगरापलीकडून, उंच मनोऱ्यांवरून एकशेबत्तीस केव्हीची लाइन आमच्या यार्डात येऊन उतरते. तिथले दोन मोठे ट्रान्सफॉर्मर तिचा जोर तेहतीस केव्हीवर आणतात आणि मग ती पाच वाटांनी गावांकडं जाते. या प्रत्येक वाटेला फीडर म्हणतात. फीडरच्या टोकाला एक छोटं उपकेंद्र, तिथून गावं, गावांतली घरं, दवाखाना, पाण्याची टाकी, कापसाचं जिनिंग, मक्याच्या शेतातल्या मोटारी. एका खोलीत लोखंडी कपाटांसारखी पॅनेलं ओळीनं उभी असतात आणि प्रत्येक फीडरचं एक हँडल असतं. ते डावीकडं फिरवलं की तेवढा मुलूख अंधारात, उजवीकडं फिरवलं की उजेडात. हँडल मुठीएवढंही नाही. पॅनेलवरच्या जुन्या पाटीवर अजून औरंगाबादच लिहिलेलं आहे, शहराचं नाव बदललं तरी ती पाटी कुणी काढलेली नाही.

यार्डात सतत एक घुमणारा आवाज असतो. पहिले काही महिने तो माझ्या कानांतून घरीही यायचा. खडीवर चालताना मी खांदे आवळून चालायची, वरच्या तारा जणू माझ्या डोक्यावरच्या केसांकडं बघताहेत असं वाटायचं. पण खरी भीती तारांची नव्हतीच. तारांपासून लांब राहिलं की झालं. खरी भीती त्या हँडलची. कारण लाइनवर दुरुस्तीला माणूस चढतो तेव्हा तो तिथं बारा-पंधरा किलोमीटरवर, खांबाच्या टोकाला असतो, आणि त्याचा जीव असतो माझ्या मुठीत. तो मला दिसत नाही आणि मी त्याला दिसत नाही.

यासाठी परमिट नावाची रीत आहे. लाइनमन येतो, वहीत कोणत्या फीडरवर किती माणसं काम करणार ते लिहिलं जातं, तो सही करतो. मी हँडल बंद करते, यार्डात जाऊन दांडा फिरवून लाइन दोन्ही बाजूंनी तोडते, तिला जमिनीशी जोडते, 'माणसे काम करीत आहेत' अशी लाल पाटी हँडलला अडकवते. काम झाल्यावर तोच लाइनमन येऊन परत सही करतो, मग मी सगळं उलट्या क्रमानं करून लाइन चालू करते. हे पुस्तकातलं.

आमच्या सबस्टेशनमध्ये पुस्तकाबाहेरची आणखी एक रीत होती, आणि ती कधीपासून होती ते कुणालाच माहीत नव्हतं. लाइनवर जाणारा प्रत्येक माणूस आपला जेवणाचा डबा त्या फीडरच्या पॅनेलसमोरच्या टेबलावर ठेवून जायचा. कितीही माणसं असोत, तेवढे डबे. काम झालं की सगळे सबस्टेशनवर यायचे, कारण इथं थंड पाण्याचं मशीन आणि व्हरांड्याची सावली होती. आपापला डबा उचलायचे, परमिट घेणारा लाइनमन सही करायचा, मग जेवायला बसायचे. टेबलावर डबा असेल तर माणूस लाइनवर. टेबल रिकामं असेल तर लाइन मोकळी. मी नवीन होते तेव्हा मला ही रीत पुस्तकापेक्षा पक्की वाटायची. वहीतला आकडा म्हणजे शाई, पण भाकरीचा वास येणारा डबा म्हणजे अख्खा माणूस. माझ्या भित्रेपणाला त्या डब्यांनी मोठा आधार दिला. मी तासातासाला मान वळवून ते मोजायची.

मामा म्हणजे आमच्या बाजूचे सगळ्यात जुने लाइनमन. निवृत्तीला आले होते. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, तेही लहानपणी मेंढरांमागं हिंडलेले. उन्हानं तोंड रापलेलं, डोक्यावर टोपी, बोलणं चढ्या आवाजात. त्यांच्याबरोबर एक तिशीतला जोडीदार असायचा, त्याला बोलायचा कंटाळा. तिसरे होते भाई. सिल्लोडचे, चाळिशीतले, हसरे. भाई खांबावर चढले की एक गोष्ट न चुकता करायचे: काम करण्याच्या जागेजवळ तारांवर आपली स्वतःची साखळी टाकायचे, म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना आणि जमिनीला जोडल्या जायच्या. सबस्टेशनमध्ये लाइन जमिनीशी जोडलेली असताना वर पुन्हा साखळी कशाला, म्हणून मामा त्यांची टर उडवायचे. "ह्याला लगीन करतानाबी साखळी लागली आसंल," म्हणायचे. भाई म्हणायचे, "मामू, मेरी जान सस्ती नहीं है," आणि साखळी खांद्यावर टाकायचे. ती चांगली जड होती.

त्या वर्षी रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आला होता. मक्याला पाणी द्यायचे दिवस होते. डोंगराकडच्या फीडरवरचे तारांना खांबापासून अलग ठेवणारे काही चिनी मातीचे डिस्क तडकले होते आणि ते बदलायला सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत लाइन बंद ठेवायचं ठरलं होतं. सकाळी तिघं आले. वहीत मी माझ्या हातानं लिहिलं: माणसे तीन. मामांनी सही केली. मामांनी आपला पितळी डबा टेबलावर ठेवला, जोडीदारानं प्लास्टिकचा. भाईंचा रोजा होता, डबा कुठून असणार? त्यांनी खिशातून वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी काढली आणि दोन्ही डब्यांच्या शेजारी ठेवली.

"आमचा डबा एवढाच, ताई," ते म्हणाले. "तीन खजूर हायेत. मगरिबपर्यंत, दिवस मावळेपर्यंत सांभाळा."

मी हसले. मला ते फार आवडलं. मी म्हणाले, "ठेवा ठेवा. तुमचा डबा सगळ्यात हलका." मग मी लाइन बंद केली, यार्डात जाऊन सगळं नीट केलं, पाटी अडकवली आणि ते तिघं दोन मोटारसायकलींवर निघून गेले. भाईंनी आपली वेगळी घेतली होती, कारण त्यांचा खांब बाकीच्या दोघांपासून आणखी पुढं, डोंगराच्या पायथ्याला होता.

अकराच्या सुमारास मी डबे मोजायला मान वळवली तर पुडीभोवती मुंग्यांची रांग लागली होती. मला मुंग्यांचा राग येतो, विशेषतः पॅनेलजवळ. मी पुडी उचलली, झटकली आणि माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. त्या वेळी माझ्या डोक्यात एवढंच होतं की संध्याकाळी बिचाऱ्यांना मुंग्या लागलेला खजूर खायला नको. मी चांगलं काम केलं असं मला वाटलं. अजूनही, इतक्या वर्षांनी, ती पुडी उचलतानाचा माझा हात मला दिसतो.

पाऊण वाजता मामा आणि जोडीदार आले. घामानं थबथबलेले. मामांनी थंड पाण्याचे दोन ग्लास घशात ओतले आणि म्हणाले, "झालं बाई एकदाचं. घे तुझी लाइन." वही पुढं ओढून त्यांनी सही केली. दोघांनी आपापला डबा उचलला आणि व्हरांड्यात गेले. मी टेबलाकडं पाहिलं. टेबल रिकामं होतं.

वही उघडीच होती. माझ्याच अक्षरात 'तीन' लिहिलेलं होतं, मामांच्या सहीच्या वरच. मी ते वाचलं नाही. टेबल रिकामं दिसल्यावर वाचायची गरजच वाटली नाही. शिवाय टोकाच्या उपकेंद्राचा ऑपरेटर साडेबारापासून फोनवर माझा जीव खात होता. दवाखान्याचं जनरेटर कधीचं चालू आहे, शेतकरी गेटवर येऊन बसलेत, एक वाजला की द्या बरं का मॅडम. मी यार्डात गेले. लाइन जमिनीपासून सोडवली, दोन्ही बाजूंनी जोडली. परत आले, लाल पाटी काढली आणि हँडल उजवीकडं फिरवलं.

यार्डातला ट्रान्सफॉर्मर कण्हला. दुसरा शब्द माझ्याकडं नाही. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीतून यावा तसा खोल आवाज आला, खोलीतले दिवे मिटल्यासारखे झाले आणि त्याच क्षणी हँडलच्या वरचा दिवा लाल होता तो हिरवा झाला (आमच्याकडं लाल म्हणजे चालू, हिरवा म्हणजे बंद), भोंगा वाजायला लागला. लाइन चालू झाली नव्हती. आली आणि उडाली.

हे आमच्याकडं अधूनमधून होतं. तारेवर पक्षी बसतो, फांदी पडते. रीत अशी की आधी वहीत लाल शाईनं वेळ लिहायची, मग चार-पाच मिनिटं थांबून हँडल पुन्हा एकदा फिरवून बघायचं. बरेचदा पक्षी जळून खाली पडलेला असतो आणि दुसऱ्या वेळी लाइन सुरळीत उभी राहते. फोन वाजला. टोकाचा ऑपरेटर होता. "आली अन् गेली की हो मॅडम. परत मारा ना, लोक बोंबलायलेत."

मामा तोंडात घास घेऊनच दारात आले. "पक्षी आसंल. न्हाय तर तिकडं लिंबाची फांदी लई खाली आलीय. मार आजून एकदा."

"लिहिते आणि मारते," मी म्हणाले आणि लाल पेन काढायला खण उघडला.

खणात पुडी होती.

मी तिच्याकडं किती वेळ बघत राहिले ते मला सांगता येणार नाही. बहुतेक दोनच सेकंद. पण त्या दोन सेकंदांत सकाळचं टेबल डोळ्यांसमोर आलं: दोन डबे आणि ही पुडी. मी खण तसाच उघडा ठेवून दाराकडं वळले.

"मामा, भाई कुठं आहेत?"

"घरी गेला की. मीच म्हनलं व्हतं त्येला, उन्हात हितवर येऊन काय करतो, तुला तर जेवायचंबी नाय. काम झालं की तसाच घरी जा, म्हनलं. लेकरू उपाशी हाय."

"काम झालं असं त्यांनी तुम्हाला सांगितलं?"

मामांच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तसाच राहिला.

"सांगितलं का, मामा?"

"बारापर्यंत व्हईल म्हनला व्हता," मामा म्हणाले. चढ्या आवाजाच्या माणसाचा आवाज एवढा बारीक होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं.

पुढचं मी कसं केलं ते तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी यार्डात पळाले. खडीवर एकदा पडले, गुडघा फुटला, तो संध्याकाळपर्यंत मला कळला नाही. लाइन पुन्हा तोडली, पुन्हा जमिनीशी जोडली. हात इतके कापत होते की लोखंडी दांडा भोकात बसेना, मी त्या दांड्याला शिव्या दिल्या, आईनं ऐकल्या असत्या तर घरात घेतलं नसतं अशा. मागं मामांची मोटारसायकल सुरू झाल्याचा आणि गेटमधून सुसाट गेल्याचा आवाज आला. जोडीदार मागं बसला होता, त्याच्या हातात अजून डब्याचं झाकण होतं.

परत येऊन मी लाल पाटी हँडलला अडकवली. तेवढ्यानं माझं समाधान होईना. मी हँडलचं कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि पॅनेलला पाठ लावून उभी राहिले, कुणीतरी येऊन माझ्या हातून किल्ली हिसकावून घेईल अशा भीतीनं. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं. खरं सांगायचं तर मला दुसऱ्या कुणाची नाही, माझ्याच हाताची भीती वाटत होती. पेन खणाऐवजी टेबलावर पडलेलं असतं तर मी वेळ लिहिली असती, चार मिनिटं थांबले असते आणि पुन्हा फिरवलं असतं.

भाईंना फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला, मग ती बाई म्हणाली की आपण संपर्क साधू इच्छित असलेली व्यक्ती उत्तर देत नाही. मी तिलाही ओरडले. भाईंचा फोन मोटारसायकलच्या पिशवीत असतो, वर घेऊन चढत नाहीत, हे मला माहीत होतं. घरी असते तर उचलला असता. मी लावत राहिले.

ऑपरेटरला ड्यूटीवर असताना खोली सोडून जाता येत नाही. बाकी चार फीडर चालू होते, मोठी लाइन चालू होती, अर्ध्या तालुक्याची वीज त्या खोलीतून जात होती. मी बाहेर पळून जाऊ शकत नव्हते, रडत बसू शकत नव्हते. तासाला घ्यायच्या नोंदी घ्यायच्या होत्या. मी त्या घेतल्या. ते पान मी नंतर पाहिलंय, अक्षर पहिलीतल्या मुलाचं वाटतं.

टोकाच्या उपकेंद्रावरून फोन येतच होते. "मॅडम, दवाखान्यातून दोनदा मानूस आला."

"लाइन मिळणार नाही."

"कधीपर्यंत?"

"माहीत नाही."

"अहो, लोकं मला मारतील हितं."

"मग मार खा," मी म्हणाले आणि फोन आपटला. त्या भल्या माणसाची मी पुढं माफी मागितली.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. भिंतीवरचं घड्याळ मी कधी एवढं पाहिलं नव्हतं. मला भाईंची मुलगी आठवत होती. मी तिला एकदाच पाहिलं होतं, सिल्लोडच्या बाजारात, वडिलांच्या मोटारसायकलवर मागं बसलेली, दहावीला होती. भाईंनी तिला माझ्याकडं बोट करून दाखवलं होतं. "ये देख, ये ताई पूरे तालुके की लाइट चलाती है." मग मला बाजूला घेऊन विचारलं होतं की पोरीला या शिक्षणात घालू का, पोरींना जमतं का. मी ऐटीत म्हणाले होते, जमतं की. मी आहे ना. त्या मुलीला आता मी काय सांगणार होते? की तुझ्या वडिलांचा खजूर मी मुंग्यांपासून वाचवला?

मी कचऱ्याच्या बादलीत ओकले आणि पुन्हा पॅनेलला पाठ लावून उभी राहिले. किल्ली मुठीत इतकी घट्ट होती की तळव्यावर तिचे दात उमटले.

मी देवधर्म करणाऱ्यांतली नाही, आमच्या घरात तो प्रघातही नाही. पण त्या दिवशी मी कुणाला तरी बोलत होते, मोठ्यानं. खाली उतरलेले असू देत, खाली उतरलेले असू देत, एवढंच.

वीस मिनिटांनी मामांचा फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला आणि धापा.

"मामा? बोला ना. मामा!"

"हाय," मामा म्हणाले. "जित्ता हाय. वरच हाय आजून. पट्ट्यात लटकलाय, डोळं उघडं हायेत, पन हात सोडंना झालाय खांबाचा. तू लाइन..."

"तोडलीय. कुलूप लावलंय. किल्ली माझ्याकडं आहे."

"मंग चढतो मी."

साठीला टेकलेला माणूस खांबावर चढला, भाईंच्या शेजारी थांबला आणि त्यांचं एकेक बोट खांबावरून सोडवत त्यांना खाली घेऊन आला. हे मला जोडीदारानं नंतर सांगितलं. तो एरवी बोलायचा नाही, पण हे त्यानं तीन-चारदा सांगितलं.

वाचवलं ते साखळीनं. माझ्या हँडलमधून गेलेली वीज भाईंपर्यंत पोचायच्या आधी तिथल्या साखळीतून जमिनीत गेली, आणि म्हणूनच लाइन इकडं उडाली. भाईंना डोळ्यांसमोर नुसता पांढरा उजेड दिसला, मोठा धमाका झाला, उजव्या हातावरचे केस जळाले आणि पुढचे दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली. साखळीची एक कडी मात्र वितळून पार बारीक झाली होती. मी दुसऱ्यांदा हँडल फिरवलं असतं तर ती तुटली असती, असं तपासायला आलेले साहेब म्हणाले. त्यांनी ती कडी माझ्या टेबलावर ठेवली होती. मी तिला हात लावला नाही.

खाली उतरवल्यावर मामा पाणी पाजायला लागले तर भाई रोजा आहे म्हणून मान हलवायला लागले. मामांनी त्यांना दमदाटी करून पाजलं. मग सबस्टेशनवर येऊन मामा माझ्यासमोर खुर्चीत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी त्यांना बिनटोपीचं कधी पाहिलं नव्हतं.

"मेंढरं वाड्यात घेताना म्या कधी मोजल्याबिगर झापा लावला नाय," ते म्हणाले. "एक कमी भरलं तर बा मला जेवू द्यायचा नाय. अन् आज मानूस मोजला नाय म्या." मग वही माझ्याकडं सरकवून म्हणाले, "पक्षी लिव्ह. वहीत. तुझी नोकरी नवीन हाय, माझी संपत आलीय. कुनाचंच काय बिघडत नाय."

मी लाल पेन घेतलं. मोह झाला नाही असं म्हणाले तर खोटं होईल. मला नोकरी जायची भीती वाटत होती, वडिलांना काय तोंड दाखवू याची वाटत होती. पण त्याहून मोठी भीती मी दुपारी पाहिली होती, त्यामुळं ही त्यामानानं लहान होती. मी कारणाच्या रकान्यात लिहिलं: लाइनवर माणूस असताना ऑपरेटरने लाइन चालू केली. खाली सही केली. मामांनी ते वाचलं आणि त्याखाली स्वतःची सही केली, न विचारता. साहेबांनी तिघांना डोळ्यांनी पाहून मगच संध्याकाळी लाइन चालू करायला सांगितली. हँडल मी फिरवलं नाही. पुढच्या पाळीच्या ऑपरेटरनं फिरवलं आणि मी तेव्हा कान झाकून व्हरांड्यात उभी होते.

मला नोटीस मिळाली, चौकशी झाली, आठ दिवस शहरात प्रशिक्षणाला बसवलं. वडील रोज सकाळी मला स्कूटी बाहेर काढून द्यायचे, तेवढंच. डब्यांची रीत साहेबांनी बंद केली. भिंतीवर तसा कागदही लावला.

मी परत हजर झाले त्या सकाळी रमजान अजून संपला नव्हता. नऊ वाजता मोटारसायकलींचे आवाज आले आणि मामा, जोडीदार आणि भाई आत आले. त्या खांबावरचं काम अर्धवट राहिलं होतं. भाईंच्या खांद्यावर नवी साखळी होती. उजव्या हातावर केस नव्हते, कातडी गुलाबी दिसत होती.

मी उभी राहिले. त्यांच्या तोंडाकडं बघायची माझी छाती होईना.

"भाई, आज नको," मी म्हणाले. "उद्या दुसऱ्याची पाळी आहे, त्याच्याकडून घ्या परमिट. माझ्याकडून नको. माझा हात अजून कापतो."

मी हात पुढं केला. खरंच कापत होता, लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. भाईंनी तो पाहिला. मग खिशातून कागदाची पुडी काढली आणि भिंतीवरच्या कागदाकडं न बघता पॅनेलसमोरच्या टेबलावर ठेवली.

"तुमच्यामुळं माझा एक रोजा ईदनंतर धरायचा राहिलाय, ताई. ते सोडा," ते म्हणाले. "पन परमिट तुम्हीच द्या. ज्याचा हात कापत नाय त्याच्या भरवशावर मी आता चढत नसतो."

मी वही उघडली. फीडर लिहिला, वेळ लिहिली. मग तिघांच्या तोंडाकडं एकेक करून पाहिलं आणि मोठ्यानं म्हणत लिहिलं, माणसे तीन. ते गेल्यावर पुडीला मुंग्या लागल्या. मी त्या दिवसभर बोटानं एकेक वेचत बसले, पण पुडी जागची हलवली नाही.